कावसजीचा हात

आष्टी हें नांव उच्चारलें कीं इतिहासाची आवड असलेल्या मराठी वाचकास प्रथम बापू गोखले आठवतात. १८१८ च्या फेब्रुवारींत पेशवाईचा हा अखेरचा सेनापति ज्या आष्टीस लढतां लढतां पडला, ती आष्टी सोलापूर जिल्ह्यांतील. आज आम्हांस वाचकांना न्यावयाचें आहे तें दुसऱ्याच आष्टीस. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, नगर जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेली, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत मोडणारी, पावसानें नेहमींच हात आंखडता घेतलेली ही आष्टी. पहिल्या आष्टीच्या इतिहासांत तलवार धरणारा हात आहे. ह्या आष्टीचा इतिहास कोणीं लिहावयास घेतलाच, तर त्यांत कोयता धरणारा हात असेल.

दसरा-दिवाळी आटोपली कीं ह्या तालुक्यांतील आणि एकंदर बीड जिल्ह्यांतील कुटुंबेंच्या कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखाकडे ऊसतोडीस निघतात. नवराबायकोच्या जोडीस तेथील भाषेंत ‘एक कोयता’ म्हणतात. माणूस एकटाच असला तर तो ‘अर्धा कोयता’. माणसास त्याच्या हत्यारावरून मोजण्याची ही रीत ऐकतांना प्रथम कानास बोंचते. पण तिच्यांत एक कठोर सत्य आहे. ह्या माणसाच्या हातास इजा झाली तर हिशेबाच्या वहींत सारा माणूसच नाहींसा होतो. कोयता निसटून बोटावर येतो, मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढतांना पाय घसरतो, पडतांना माणूस स्वभावतःच हात पुढें टेंकतो, आणि मनगट, कोंपर किंवा खांदा ह्यांपैकीं एकास तरी त्याचें मोल द्यावें लागतें.

हाताच्या दुखापतींवर आमच्या पूर्वजांनीं काय उपाय केले, त्यांत काय साधलें व काय निसटलें, हें पाहण्याचा विचार मनांत आला तेव्हां आम्हांस एका बैल हाकणाऱ्याची आठवण झाली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ ह्या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत एक पत्र प्रसिद्ध झालें. त्यांत कावसजी नांवाच्या माणसाची हकीकत आहे. नांव पारशी वाटतें. परंतु पत्रलेखक त्यास शेतकरी जातीचा मराठा म्हणतो. इंग्रजांच्या सैन्याबरोबर हा बैल हाकीत असे. १७९२ च्या युद्धांत तो टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभर तो नाकावांचून राहिला. मग पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीच्या एका माणसानें त्याच्या कपाळाची कातडी उतरवून तिचें नवें नाक बसविलें. क्रूसो व फिंडले ह्या इंग्रज वैद्यांनीं ही क्रिया पाहिली. त्या पत्राच्या आधारें कार्प्यू ह्या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तीच क्रिया केली, आणि तेथून ती युरोपभर पसरली.

ही हकीकत आमच्या बहुतेक वाचकांनीं केव्हां ना केव्हां ऐकली असेल, आणि ती सांगतांना सांगणाराचा ऊर अभिमानानें भरून आलेलाही पाहिला असेल. तो अभिमान अस्थानीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र त्या हकीकतींतील अर्धें दुःख आपण सारेच विसरतों. कावसजीचें नाक परत आलें; हात परत आला नाहीं. गेलेला हात उजवा होता कीं डावा, एवढेंही पत्रलेखकास नमूद करावेंसें वाटलें नाहीं. नाक गेलें तर अब्रू जाते, हें खरें. पण बैल हाकणाऱ्याचा हात गेला तर भाकरी जाते. नव्या नाकाचा हा धनी पुढें कंपनीच्या पेन्शनीवर राहिला, असें तें पत्रच सांगतें.

नाक साधलें आणि हात कां साधला नाहीं, ह्याचें कारण शोधण्यासारखें आहे. नाकास आकार पाहिजे. हातास आकाराखेरीज चलन पाहिजे, जोर पाहिजे, स्पर्श पाहिजे. मनगटापासून बोटांच्या टोंकांपर्यंत सत्तावीस हाडें, त्यांना ओढणाऱ्या दोऱ्यांसारख्या कंडरा, स्पर्श व हुकूम पोंचविणाऱ्या मज्जातंतूंच्या तीन शाखा आणि त्या साऱ्यांस जगविणाऱ्या रक्तवाहिन्या, इतकी सामग्री ओंजळभर जागेंत बसविलेली आहे. तरी पुण्याच्या त्या कारागिरास एक मर्म ठाऊक होतें. कपाळाची कातडी उतरवितांना तो तिची एक चिंचोळी पट्टी दोन डोळ्यांमध्यें न कापतां ठेवीत असे. त्या वाटेनें रक्त चालू राही, म्हणून नवें नाक जगे. हें मर्म वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. हाताच्या इतिहासांत तें पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आतां मोडलेल्या व निखळलेल्या हातांकडे वळूं. सुश्रुतसंहितेंत निदानस्थानाचा पंधरावा अध्याय ह्या दुखापती ओळखण्यास, आणि चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय त्यांच्या उपचारास वाहिलेला आहे. सांधा निखळण्याचे सहा प्रकार व हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथें सांगितले आहेत. कर्कटक, अश्वकर्ण, चूर्णित, वक्र, स्फुटित हीं त्यांतील कांहीं नांवें. मोडलेलें हाड ओढून लांब करावें, दाबून जागीं आणावें, मग झाडाच्या सालींच्या किंवा बांबूच्या पट्ट्या लावून बांधावें, असा क्रम आहे. खांदा निखळला असेल तर कांखेंत मुसळ घालून तो वर उचलावा व जागीं बसल्यावर स्वस्तिकाच्या आकाराचें बंधन बांधावें. कोंपर निखळलें असेल तर अंगठ्यानें चोळून व दाबून बसवावें आणि मग हात लांबवून व दुमडून पाहावा.

ह्या उपचारांपेक्षांही त्यांतील दोन सूचनांनीं आम्हांस अधिक चकित केलें. पहिली बंधनाविषयीं. थंडीच्या ऋतूंत तें सातव्या दिवशीं, समशीतोष्ण काळांत पांचव्या आणि उन्हाळ्यांत तिसऱ्या दिवशीं सोडून पुन्हा बांधावें. सैल बांधलें तर सांधा स्थिर राहात नाहीं, फार आंवळलें तर सूज, वेदना व पिकणें हे दोष उत्पन्न होतात. दुसरी सूचना तळहाताविषयीं. मोडलेला तळहात सांधल्यावर रोग्यानें प्रथम मातीचा गोळा मुठींत धरावा, पुढें मीठ, आणि हातांत बळ आलें म्हणजे दगड. माती, मीठ आणि दगड ह्या तीन पायऱ्यांत एक फार मोठा विचार सांठविलेला आहे. तो असा कीं हाड जुळणें ही एक गोष्ट आणि हात परत मिळणें ही दुसरी गोष्ट.

दुर्दैवानें परंपरेंत पहिली गोष्ट टिकली आणि दुसरी क्षीण झाली. गांवोगांवचे हाडवैद्य आणि तालमींतील वस्ताद ह्यांनीं हाड बसविण्याची कला पिढ्यान् पिढ्या जतन केली. ग्रंथ न वाचतां केवळ बोटांच्या स्पर्शानें मोड ओळखणारे लोक त्यांत झाले व आहेत. ज्या काळीं दहा कोसांत डॉक्टर नव्हता त्या काळीं शेतकऱ्याचा आधार तेच होते. त्यांची टवाळी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु बांबूच्या कामट्या घट्ट आंवळून, वर लेप देऊन, आठ आठ दिवस न पाहण्याची जी चाल कित्येक ठिकाणीं पडली, तिच्यामुळें किती मनगटें कायमचीं वांकडीं झालीं असतील ह्याची गणती नाहीं. विशेषतः झाडावरून पडलेल्या मुलाचें हाड कोंपराच्या किंचित् वर मोडतें, तेव्हां सूज झपाट्यानें वाढते. बंधनास मात्र वाढतां येत नाहीं. आंतील स्नायूंस रक्त पोंचेनासें होतें, ते मरतात, आखडतात, आणि बोटें पक्ष्याच्या पंजासारखीं वळून राहतात. जर्मनींतील फोल्कमान ह्या शस्त्रवैद्यानें १८८१ सालीं ह्या विकृतीचें कारण स्पष्ट केलें, म्हणून ती आज त्याच्या नांवानें ओळखली जाते. घट्ट बंधनाचा दोष सुश्रुतानें सांगितला होता. फोल्कमाननें त्याच्या तळाशीं असलेलें रक्ताचें कारण दाखविलें. पुण्याचा कारागीर जी चिंचोळी पट्टी राखीत होता तिचें महत्त्व येथें उलट बाजूनें प्रत्ययास येतें.

ह्यांत दोष केवळ कामट्यांचा नव्हे. मातायसेन ह्या डच लष्करी वैद्यानें १८५२ सालीं प्लास्टरच्या पट्ट्यांची कृति प्रसिद्ध केली आणि जगभर ती रूढ झाली. पण ताज्या सुजेवर चढविलेलें बंद प्लास्टरही तोच घात करूं शकतें. म्हणून घरांतील माणसांनीं कांहीं खुणा पाठच कराव्या. बांधल्यानंतर वेदना कमी न होतां वाढत चालली, बोटें दुसऱ्यानें हलकेच सरळ केलीं असतां रोगी कळवळला, बोटें बधिर, फिकट किंवा गार पडलीं, तर ‘सकाळीं पाहूं’ असें म्हणूं नये. नख दाबून सोडल्यावर त्याचा गुलाबी रंग दोन क्षणांत परत यावयास पाहिजे. तसा न आला तर बंधन त्याच घटकेस सैल करवून घ्यावें. मात्र नख गुलाबी आहे एवढ्यावर निर्धास्त राहूं नये. वाढती वेदना हीच सर्वांत आधीं येणारी सूचना होय. हा काळ तासांचा असतो, दिवसांचा नव्हे.

निदानाची कथाही अशीच बोधप्रद आहे. डब्लिनच्या कॉलीस नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. हात टेंकून पडलेल्या माणसाचें मनगट पाठीकडून फुगून वांकडें दिसतें, त्यास लोक सांधा निखळला असें समजत; कॉलीसनें दाखविलें कीं पुष्कळदां निखळलेला नसतो तो सांधा, मोडलेलें असतें तें त्याच्या वरचें हाड. शरीराच्या आंत पाहण्याचें कोणतेंही साधन नसतांना केवळ हातानें चांचपून त्यानें हा भेद काढला. पुढें ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं रंटगेन ह्यास क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्याच वर्षीं २२ डिसेंबरला त्यानें आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. बोटांचीं हाडें आणि त्यांवर अंगठी, असें तें जगप्रसिद्ध चित्र आहे. त्या नव्या विद्येचें सर्वांत गाजलेलें चित्र हाताचें असावें, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

तथापि चित्र निघालें म्हणजे निदान झालें असें नाहीं. अंगठा ताठ केला असतां त्याच्या मुळाशीं मनगटाच्या बाजूस एक लहानशी खोबण पडते. जुने लोक तींत तपकीर घेत. पडल्यानंतर ह्या खोबणींत दाबून दुखत असेल तर आंतील नौकेच्या आकाराचें छोटें हाड मोडल्याचा संशय धरावा लागतो. पहिल्या चित्रांत ही मोड पुष्कळदां दिसत नाहीं. म्हणून जाणता डॉक्टर चित्र स्वच्छ असूनही मनगट बांधून ठेवतो आणि दहा ते चौदा दिवसांनीं पुन्हा चित्र काढतो. रोगी ‘मुरगळलें आहे’ असें समजून कामास लागला तर त्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तें न जुळतांच राहूं शकतें, आणि कांहीं वर्षांनीं सारें मनगट झिजतें.

कंडरा आणि मज्जातंतु तर चित्रांत उमटतच नाहींत. तेथें डोळे व बोटें ह्यांचाच उपयोग. अंगठा व तर्जनी यांचें गोल वर्तुळ करतां येतें का, बोटें फांकवतां येतात का, मनगट वर उचलतां येतें का, ह्या तीन सोप्या प्रश्नांनीं हातास येणाऱ्या तिन्ही मज्जातंतूंची प्राथमिक परीक्षा होते. कोयत्याची जखम वरून बोटभर दिसते, टांके घालून ती मिटतेही. पण आंत तुटलेली कंडरा तशीच राहिली तर तें बोट पुढें कधींच वांकत नाहीं. जखम शिवण्यापूर्वीं प्रत्येक बोट वेगळें हलवून पाहण्यास दोन मिनिटें लागतात. त्या दोन मिनिटांवर एखाद्याचें पुढील आयुष्य अवलंबून असतें.

खांद्याविषयीं थोडें अधिक सांगणें प्राप्त आहे, कारण शरीरांतील मोठ्या सांध्यांत सर्वांत मोकळा आणि म्हणूनच सर्वांत लवकर निखळणारा सांधा तोच. खांद्याचा गोल आकार जाऊन तेथें कोपरा दिसूं लागतो, आणि रोगी दुखरा हात दुसऱ्या हातानें सांवरून येतो. सुश्रुताचें मुसळ आणि ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीसच्या परंपरेंतील कांखेंत टांच रोवून हात ओढण्याची रीत, ह्या दोहोंचें तत्त्व एकच: कांखेंत टेंकू देऊन हाड आपल्या खोबणींत परत लोटणें. १८७० सालीं स्वित्झर्लंडच्या कोखरनें टेंकू टाळून हात फिरवून बसविण्याची पद्धत सांगितली. आजचा कल ह्याहूनही सौम्य उपायांकडे आहे. स्नायु शिथिल करून, हळूहळू ओढ देऊन, घाई न करतां. ह्याचें कारण असें कीं कांखेंतूनच हाताच्या मुख्य रक्तवाहिन्या व मज्जातंतु जातात, आणि टेंकूचा जोर त्यांच्यावर येतो. म्हणून बसविण्यापूर्वीं चित्र काढून कोठें मोड आहे का तें पाहावें, आणि दंडाच्या बाहेरच्या अंगास स्पर्श कळतो का हें विचारावें. बसल्यानंतरही काम संपत नाहीं. तरुणाचा खांदा पुन्हा निखळण्याची धास्ती असते, प्रौढाचा आखडण्याची. चाळिशीपुढील माणसास सांधा बसूनही हात बाजूस उचलतां आला नाहीं, तर आंतील कंडरा फाटली असण्याचा संभव असतो. हात महिनोन्महिने गळ्यांत अडकवून ठेवणें ही काळजी नव्हे, हानि होय.

गेल्या शतकांत ह्या विद्येनें जी मजल मारली ती पाहून कावसजी थक्क झाला असता. वेल्लोर येथें पॉल ब्रँड ह्यांनीं १९४८ च्या सुमारास कुष्ठरोग्यांच्या वळलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया आरंभिल्या. निरोगी कंडरा दुसऱ्या जागीं जोडून त्यांनीं मिटलेले हात उघडले. रोगामुळें मांस झडत नसून, वेदना न कळल्यानें हात भाजतो, कापतो व झिजतो, हें त्यांच्या कामामुळें लोकांस पटूं लागलें. १९६२ सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथें एका मुलाचा मुळापासून तुटलेला हात पुन्हा जोडण्यांत आला. १९६५ सालीं जपानांत सूक्ष्मदर्शकाखालीं रक्तवाहिन्या शिवून तुटलेला अंगठा जगविण्यांत आला. आणि २०१५ सालीं कोची येथें मृत दात्याचे दोन्ही हात एका रुग्णास बसविण्याची शस्त्रक्रिया झाली. नाक बसलें त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळानें आपल्या देशांत हात बसला.

पण हें सारें वेळेवर पोंचणाऱ्यासाठीं. तुटलेलें बोट स्वच्छ ओल्या कापडांत गुंडाळून, पिशवींत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फांत थेट घालूं नये, पाण्यांत बुडवूं नये, त्यावर हळद वा माती लावूं नये. मनगटावरचा स्नायुयुक्त भाग थंड न ठेवला तर सहाएक तासांत निरुपयोगी होतो. आष्टीहून नगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, साठ-पासष्ट किलोमीटर; पुणें त्यापुढें आणखी सव्वाशेच्या घरांत. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि ह्या तालुक्याची कित्येक वर्षांची इच्छा पुरी झाली. मात्र ऊसतोडीचा मजूर जेव्हां जखमी होतो तेव्हां तो आष्टींत नसतोच. तो परक्या मुलखांत फडावर असतो, जेथें जवळचें रुग्णालय कोणतें हेंही त्यास ठाऊक नसतें.

शिवाय रुग्णालय गांठलें तरी खरी अडचण पुढेंच असते. मनगटाच्या हाडास जुळावयास साधारण सहा आठवडे लागतात. सुश्रुतही बालवयांत एक महिना, मध्यम वयांत त्याच्या दुप्पट व उतारवयांत तिप्पट काळ सांगतो. मुकादमाच्या वहींत मात्र ह्या प्रत्येक दिवसाचें नांव ‘खाडा’. उचल फिटलेली नसते, जोडीदारीण एकटी पडते, आणि प्लास्टर मुदतीपूर्वींच कोयत्याच्या टोंकानें कापलें जातें. मातीचा गोळा, मीठ आणि दगड ह्या पायऱ्या चढावयास सवड कोण देणार? १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यांत हाताच्या प्रत्येक भागाचें मोल शेंकड्यांत ठरविलें गेलें होतें, आणि मूळ यादींत उजव्या बाहूचें मोल डाव्याहून अधिक धरलें होतें. पुढें तो भेद गेला आणि अंगठ्यास शेंकडा तीस असा आंकडा आला. आंकडे असणें बरेंच. परंतु हात वांचविण्यासाठीं जे सहा आठवडे लागतात त्यांची भाकरी कोणीं द्यावयाची, हा प्रश्न त्या यादींत बसत नाहीं. आमच्या मतें हाताच्या उपचारांतील आजचा सर्वांत मोठा अडसर शस्त्रविद्येचा नसून हाच आहे, आणि तो दूर करणें वैद्यांच्या हातीं नाहीं. साखर कारखाने, सरकार आणि साखर खाणारे आपण सारे, ह्यांच्या हातीं तें आहे.

हाताची परीक्षा शिकविणारे अध्यापक विद्यार्थ्यांस सांगतात कीं जखमेकडे पाहण्याआधीं रोग्यास दोन प्रश्न विचारावे: तुमचा कामाचा हात कोणता, आणि तुम्ही काम काय करतां? लिहिणाऱ्याचें मनगट, विणकराचें बोट आणि कोयता चालविणाऱ्याचा खांदा ह्यांस एकच उपचार पुरत नाहीं, म्हणून हे प्रश्न. १७९४ सालीं ते कावसजीस कोणीं विचारल्याचें त्या पत्रावरून दिसत नाहीं. आष्टीच्या माणसास ते आतां विचारले जावे, आणि त्याच्या उत्तराप्रमाणें त्यास सवड मिळावी, इतकेंच आमचें मागणें आहे.